तुमच्या रिपोर्टमधल्या क्रिएटिनिनला नाव देणारा माणूस: युस्टुस फॉन लीबिग

तुमच्या घरातली कुठलीही जुनी फाइल उघडा. रक्ततपासणीच्या कागदावर साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल यांच्या जवळपास ‘सीरम क्रिएटिनिन’ अशी एक ओळ हमखास सापडेल. तो आकडा वाढला की घरात किडनीची चर्चा सुरू होते. आता जिमला जाणाऱ्या मुलाच्या टेबलावरचा डबा बघा. त्यावर ‘क्रिएटिन’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी प्रोटीन पावडरचा आणखी मोठा डबा. रिपोर्टवरचा शब्द आणि डब्यावरचा शब्द यांचं नातं सख्खं आहे. या दोन्हींमागे एकोणिसाव्या शतकातला एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ उभा आहे, युस्टुस फॉन लीबिग.

अकरावी-बारावी सायन्स केलेल्यांना तो दुसऱ्याच कारणाने आठवेल. प्रयोगशाळेत वाफ थंड करायची ती काचेची दुहेरी नळी, लीबिग कंडेन्सर. ती त्याने शोधलेली नव्हती, फक्त तिचा वापर रूढ केला. नाव मात्र त्याचं लागलं. त्याच्या बाबतीत असं वारंवार घडलं. नावाची ताकद मोठी होती, आणि ती ताकद चुकीच्या गोष्टीमागेही उभी राहू शकते हे पुढे दिसेलच.

लीबिगचा जन्म १२ मे १८०३ रोजी डार्मश्टाट गावी झाला. वडिलांचा रंग, वार्निश आणि औषधी रसायनांचा धंदा होता. मुलगा शाळेत फारसा चमकला नाही, पण वडिलांच्या भट्टीजवळ रमायचा. बाजारात खेळणी विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याला फुटणारी पावडर बनवताना पाहून त्याने ती घरी करून बघितली. पुढे त्याला एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवलं. तिथे त्याच्या स्फोटक प्रयोगांनी खिडकी उडाली म्हणून त्याला घरी धाडलं, अशी गोष्ट सांगतात. फीचे पैसे संपले म्हणून तो परतला, असंही सांगतात. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं, पण गोष्ट पहिलीच रंगते.

तो तेरा वर्षांचा असताना, १८१६ साली, युरोपात उन्हाळाच आला नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याच्या राखेने हवामान बिघडलं, पिकं बुडाली, आणि जर्मन मुलखात भाकरीसाठी हाल झाले. पुढे आयुष्यभर हा माणूस माती, खत, अन्न, मांस यांच्या मागे लागला त्याची मुळं इथे असावीत.

बॉन आणि एर्लांगेन इथे शिकून तो पॅरिसला गेला, गे-ल्युसॅकच्या प्रयोगशाळेत काम केलं, आणि १८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टच्या शिफारशीवर गीसेनला प्राध्यापक झाला. तिथली त्याची प्रयोगशाळा म्हणजे आजच्या मेडिकल आणि सायन्स कॉलेजांतल्या प्रॅक्टिकलची एक जननीच. विद्यार्थ्याने फक्त व्याख्यान ऐकायचं नाही, स्वतः हाताने तपासायचं, ही शिस्त त्याने लावली. १८३१ साली त्याने पाच गोळ्यांचं एक काचेचं उपकरण बनवलं. कुठल्याही सेंद्रिय पदार्थात कार्बन किती आहे हे त्यामुळे झटपट आणि अचूक मोजता येऊ लागलं. जे काम आधी फार थोड्या लोकांना जमायचं ते आता विद्यार्थीही करू लागले.

मांसपेशी कशावर चालते?

इथपर्यंतचा लीबिग मोजणारा आहे. १८४२ साली प्राण्यांच्या रसायनशास्त्रावर त्याने जे पुस्तक लिहिलं त्यातला लीबिग तर्क करणारा आहे. तुम्ही-आम्ही आज जे प्रोटीनबद्दल ऐकतो त्यातलं निम्मं तिथून आलं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

त्याने अन्नाचे दोन भाग पाडले. ज्यात नायट्रोजन आहे ते, म्हणजे प्रोटीन. हे शरीर बांधतं. ज्यात नायट्रोजन नाही ते, म्हणजे पिष्ट, साखर आणि स्निग्ध पदार्थ. हे जळून शरीर गरम ठेवतं. विभागणी सोपी, लक्षात राहणारी, आणि बऱ्याच अंशी उपयोगीही. पण त्याने पुढची पायरी घेतली. स्नायू प्रोटीनचा बनलेला आहे, तेव्हा स्नायू काम करतो तेव्हा प्रोटीनच खर्च होत असलं पाहिजे, असं त्याने मांडलं. म्हणजे नांगर ओढणाऱ्या बैलाचा, दगड फोडणाऱ्या मजुराचा स्नायू झिजतो, त्याचा नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीतून जातो, आणि ती झीज भरायला प्रोटीन खावं लागतं. जितकं काम जास्त तितकं मांस जास्त.

ऐकायला पटतं ना? आज जिममध्ये नवीन मुलाला पहिल्या दिवशी जे सांगितलं जातं ते साधारण हेच असतं. अडचण एवढीच की लीबिगने हे माणसाला किंवा जनावराला कामाला लावून मोजलेलं नव्हतं. रसायनांवरून त्याने शरीराबद्दल अनुमान काढलं होतं.

पुरावा म्हणता येईल असं काही त्याला १८४७ साली मांसावर काम करताना सापडलं. फ्रान्सच्या शेव्रलने १८३२ साली मांसाच्या रसातून एक पदार्थ वेगळा केला होता आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रिएटिन नाव दिलं होतं. लीबिगने तो अनेक प्राण्यांच्या मांसात शोधला आणि सापडला. शिकारीत पळून पळून मारल्या गेलेल्या कोल्ह्यांच्या मांसात त्याला पिंजऱ्यात पाळलेल्या कोल्ह्याच्या तुलनेत दहापट क्रिएटिन मिळालं. म्हणजे श्रमाशी याचा संबंध आहे, असं त्याने ताडलं. इतका मोठा फरक आजच्या मोजमापात माणसांच्या स्नायूंत दिसत नाही. संबंधाचा अंदाज मात्र बरोबर निघाला, जरी त्याने दिलेल्या कारणासाठी नाही. याच कामात क्रिएटिनपासून तयार होणाऱ्या दुसऱ्या पदार्थाला त्याने नाव दिलं: क्रिएटिनिन. तुमच्या रिपोर्टवरची ती ओळ.

जाता जाता त्याने स्वयंपाकाचाही एक सल्ला दिला: मांस आधी एकदम मोठ्या आचेवर धरलं की बाहेरचा थर आवळतो आणि रस आत कोंडला जातो. कित्येक स्वयंपाकी आजही हे सांगतात. चव त्याने नक्की वाढते, रस काही कोंडला जात नाही.

एक बरणी आणि एक मोठं नाव

१८५२ साली लीबिग म्युनिकला गेला. तिथे त्याच्या एका इंग्रज मित्राची मुलगी त्याच्या घरी पाहुणी असताना गंभीर आजारी पडली. तिच्या पोटात काही ठरेना. लीबिगने तिच्यासाठी मांसाचा अर्क तयार केला, आणि ती बरी झाली. अशा प्रसंगाचा माणसाच्या मनावर किती परिणाम होतो हे मला रोज दवाखान्यात दिसतं. आजी तापातून उठली ती अमुक काढ्यामुळे, हे घरात एकदा ठरलं की ठरलं. लीबिगसारखा मोजमापाचा माणूसही त्यातून सुटला नाही.

त्या काळी दक्षिण अमेरिकेत गुरं मुख्यतः कातड्यासाठी आणि चरबीसाठी मारली जात आणि मांस बरंचसं वाया जाई. गीबर्ट नावाच्या इंजिनिअरने लीबिगची कृती वाचली, त्याला गाठलं, आणि उरुग्वेमधल्या फ्राय बेंटोस इथे कारखाना काढला. १८६५ साली लंडनमध्ये लीबिगच्या नावाने कंपनी उभी राहिली. लीबिगला नाव वापरू देण्याचा मोबदला मिळत होता आणि मालाच्या दर्जावर देखरेख त्याची होती. सुमारे तीस किलो मांस आटवून एक किलो घट्ट तपकिरी अर्क निघे. बरणीवर मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव, आणि आत तीस किलो मांसाचं सत्त्व. आजारी माणसाच्या नातेवाइकाने ती का घेऊ नये?

आता बरणीत खरंच काय होतं ते पाहा. अर्क टिकावा म्हणून चरबी काढलेली. उकळल्यावर गोठणारं प्रोटीन गाळून टाकलेलं. उरलं काय? क्षार, चव देणारे घटक, थोडं क्रिएटिन. म्हणजे ज्या माणसाने प्रोटीनला सगळ्यात वरचं स्थान दिलं, त्याच्याच नावाच्या बरणीत प्रोटीन जवळजवळ नव्हतं. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ हे बोलू लागले, तेव्हा लीबिगने हळूहळू माघार घेतली. अर्क म्हणजे नेहमीच्या अर्थाने पोषण नव्हे, चहा-कॉफीसारखी तरतरी देणारी, भूक लावणारी गोष्ट आहे, असं त्याने मान्य केलं. पण तोवर बरण्या घराघरांत आणि इस्पितळांत पोचल्या होत्या. खुलासा वर्तमानपत्रात छापला जातो; बरणीवर नाव तसंच राहतं.

खेळाडूंपर्यंतही ही गोष्ट गेली. याच कंपनीचं ‘ऑक्सो’ हे पेय १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या धावपटूंना दिलं गेलं. लीबिग तोवर जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

डोंगर चढणारे दोन प्राध्यापक

कंपनी निघाली त्याच वर्षी, १८६५ च्या ऑगस्टच्या शेवटी, झुरिचचे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न डोंगरावर चढले. एक आडोल्फ फिक. मेडिकलच्या विद्यार्थ्यांना हृदयातून किती रक्त जातं हे काढण्याचं फिकचं तत्त्व पाठ असतं, तो हाच. दुसरा रसायनशास्त्रज्ञ योहानेस विस्लिसेनुस.

दोघांनी आदल्या दुपारपासून प्रोटीन बंद केलं. पिष्टाच्या, चरबीत तळलेल्या वड्या खाल्ल्या, साखर घातलेला चहा प्यायले, आणि जवळपास दोन हजार मीटर चढले. सगळा वेळ आपली लघवी जमा करत होते, कारण तिच्यातल्या नायट्रोजनवरून शरीरात किती प्रोटीन खर्च झालं ते कळणार होतं. मग साधा हिशेब. स्वतःचं वजन तेवढ्या उंचीवर नेण्यासाठी किती काम झालं, आणि खर्च झालेल्या प्रोटीनमधून जास्तीत जास्त किती ऊर्जा मिळू शकते?

हिशेब जुळेना. लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड फ्रँकलंडने प्रोटीन प्रत्यक्ष जाळून त्यातली उष्णता मोजली, तेव्हा तर स्पष्ट झालं की त्या चढणीची निम्मी गरजही प्रोटीनने भागली नसती. उरलेली ताकद आली पिष्टातून, साखरेतून आणि चरबीतून. फ्रँकलंड तरुणपणी गीसेनला लीबिगच्याच प्रयोगशाळेत काही काळ शिकून गेला होता. त्याआधी म्युनिकमध्ये, लीबिगच्या शेजारीच म्हणा, कार्ल फॉइटने कुत्र्याला चाकावर धावायला लावून दाखवलं होतं की श्रमाने युरिया फारसा वाढत नाही. लीबिगने १८७० साली लांबलचक उत्तर लिहिलं. काही मुद्दे सोडले, काही धरून ठेवले. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिकमध्ये न्यूमोनियाने त्याचं निधन झालं.

मला या माणसाची चूक छोटी वाटत नाही, पण त्याला हसावंसंही वाटत नाही. त्याने लोकांना मोजायला शिकवलं, आणि त्या शिकवणुकीने त्यालाच खोडून काढलं. बाजाराला मात्र खोडलेलं ऐकू गेलं नाही.

आता तुमच्या घरातले डबे

प्रोटीनपासून सुरू करू. व्यायाम करताना स्नायू मुख्यतः कर्बोदकं आणि चरबी जाळतो. प्रोटीनचा वाटा लहान असतो. प्रोटीन लागतं ते दुरुस्तीसाठी आणि वाढीसाठी, आणि वाढ होते ती स्नायूला वजनाचा ताण दिला तरच. पावडर पिऊन सोफ्यावर बसलात तर जास्तीच्या प्रोटीनमधला नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून जाईल आणि उरलेला भाग ऊर्जा म्हणून जळेल किंवा चरबी म्हणून साठेल.

किती लागतं? भारतातल्या निरोगी प्रौढासाठी आयसीएमआरने २०२० साली दिलेला आकडा रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला साधारण पन्नास ग्रॅम. नियमित जोरदार व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते २ ग्रॅमपर्यंत लागू शकतं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात, पेलाभर दुधात तेवढंच, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या आसपास. पावडरच्या एका मापातही वीस-पंचवीस ग्रॅम. आपल्याकडच्या शाकाहारी ताटात भात-पोळी भरपूर आणि डाळ पातळ असते, त्यामुळे कित्येकांना प्रोटीन खरंच कमी पडतं. अशांना पावडर हा सोयीचा मार्ग असू शकतो. सोय म्हणून घ्या, जादू म्हणून नको. आणि व्यायामाआधी भात-पोळी बंद करून फक्त पावडर पिणाऱ्या मुलांनी फिक आणि विस्लिसेनुसच्या डब्यात काय होतं ते आठवावं.

क्रिएटिनची गोष्ट उलट आहे. लीबिगच्या कोल्ह्यांनंतर ऐंशी वर्षांनी, १९२७ साली, अमेरिकेत फिस्के आणि आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं. इंग्लंडमध्येही त्याच सुमारास ते सापडलं. हा स्नायूचा झटपट वापरायचा साठा. वजन उचलताना, पंचवीस-तीस यार्ड सुसाट पळताना पहिले काही सेकंद तो कामी येतो. १९९२ साली हॅरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तोंडाने क्रिएटिन घेतलं तर स्नायूतला साठा वाढतो. ज्यांचा मुळात कमी असतो, म्हणजे बरेचदा शाकाहारी, त्यांच्यात जास्त वाढतो.

त्यामुळे रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेणाऱ्याला जोराच्या, थोड्या वेळाच्या, पुन्हा पुन्हा करायच्या व्यायामात थोडा फायदा होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मॅरेथॉनला त्याचा तसा उपयोग नाही. सुरुवातीला वजन एक-दोन किलो वाढतं ते बहुतांशी स्नायूत धरलेलं पाणी असतं. चरबी जाळण्यासाठी म्हणून कुणी ते विकत असेल तर दुकान बदला.

आता रिपोर्ट. शरीरातल्या क्रिएटिनपैकी दोनेक टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन बनतं आणि किडनी ते बाहेर टाकते. किडनी थकली की रक्तात ते साचतं, म्हणून आम्ही ते तपासतो. पण ज्याचे स्नायू जास्त, जो क्रिएटिन घेतो, किंवा ज्याने आदल्या रात्री भरपेट मटण खाल्लं, त्याचाही आकडा थोडा वर जाऊ शकतो, किडनी ठणठणीत असताना.

माझ्याकडे मध्यंतरी एक आई मुलाला घेऊन आली. नोकरीच्या तपासणीत त्याचं क्रिएटिनिन १.५ आलं होतं. कुणीतरी डायलिसिस हा शब्द उच्चारला होता आणि त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. मुलगा गप्प होता. आई बाहेर गेल्यावर म्हणाला, डॉक्टर, मी क्रिएटिन घेतो, घरी माहीत नाही. लघवीत प्रोटीन नव्हतं, रक्तदाब ठीक होता. डबा बंद ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं, सोबत सिस्टॅटिन-सी नावाची, स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी केली. दोन्ही ठीक आले. आईला सगळं सांगायचं काम मी त्याच्यावरच सोपवलं.

याचा अर्थ वाढलेला आकडा डब्याच्या नावावर ढकलून मोकळं व्हायचं असा घेऊ नका. माझ्याच दवाखान्यात दुसरा एक चाळिशीचा माणूस होता. त्याचंही क्रिएटिनिन पावडरमुळेच वाढलं असं त्याच्या ट्रेनरने ठरवून टाकलं. त्याला दहा वर्षांचा मधुमेह होता आणि गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळी चालू होती. त्याच्या लघवीत प्रोटीन जात होतं. त्याची किडनी खरंच दुखावलेली होती, आणि त्यात काही महिने गेले.

निरोगी माणसात नेमक्या मात्रेतल्या क्रिएटिनने किडनी बिघडते असं दिसलेलं नाही. पण मधुमेह, उच्च रक्तदाब, आधीचा किडनीचा आजार, एकच किडनी, किंवा नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या यांपैकी काहीही असेल तर क्रिएटिन किंवा जादा प्रोटीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी आणि अठराच्या आतल्या मुलांनीही. सुटी, लेबल नसलेली, ट्रेनरने पुडीत बांधून दिलेली पावडर कुणीच घेऊ नका. अशा मालात स्टिरॉइड किंवा उत्तेजक मिसळलेली असू शकतात, आणि स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूवर त्यासाठी बंदी येते; नकळत घेतलं हे सांगून सुटका होत नाही.

पुढच्या वेळी रक्त द्यायला जाल तेव्हा आदल्या दिवशी जड व्यायाम आणि मांसाहार टाळा, आणि तुम्ही किंवा घरातलं कुणी क्रिएटिन घेत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. शक्य असेल तर डबाच घेऊन या. त्यामागचं बारीक अक्षर वाचायला मला दोन मिनिटं लागतात.